व्हॅक-ए विषाची रचना मोबाइलवर: प्रोटीन डेटा बँक आणि तिच्या त्रिमिती दर्शकाचं परीक्षण

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जिवाणू आणि त्याचं व्हॅक-ए हे विष, हा विषय सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवी वर्गात बहुतेक ठिकाणी एका तासात उरकला जातो. फळ्यावर जठराची पेशी, तिच्यात दोन-चार गोल रिक्तिका (द्रवाने भरलेल्या पिशव्या), बाहेरून एक बाण, आणि पुढचा धडा सुरू. विषाचा रेणू दिसतो कसा, तो पेशीपटलाला भोक पाडतो ते नेमक्या कोणत्या भागाने, हे विचारणारा विद्यार्थी असतोच; त्याला दाखवायला हाताशी काही नसतं. रत्नागिरी, चिपळूण, मालवण किंवा अलिबागच्या महाविद्यालयाला त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर नको, की मुंबई-पुण्याची वारी नको. प्रोटीन डेटा बँक ही मोफत सेवा आणि तिच्यातच बसवलेला मॉल-स्टार हा दर्शक, एवढ्यावर काम होतं. साधा मोबाइलही चालतो.

निकाल आधीच सांगतो: सेवा उत्तम आहे, वर्गात बिनधास्त वापरा. पण शोधताना पहिल्यांदा हाती येणारी, सगळ्यात देखणी दिसणारी व्हॅक-एची फाइल म्हणजे संपूर्ण विष नव्हे. पटलात घुसणारा भाग तिच्यात नाहीच. हे न सांगता ते चित्र पडद्यावर लावलं, तर मुलं चुकीची गोष्ट पक्की करून घरी जातात.

प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत. अमेरिका, युरोप आणि जपान इथली केंद्रं मिळून ती सांभाळतात. नोंदणी लागत नाही, पासवर्ड नाही, आणि रचनांची माहिती सार्वजनिक मालकीची असल्यामुळे त्यावरून काढलेलं चित्र पोस्टरवर, प्रश्नपत्रिकेत किंवा मराठी लेखात छापायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. तरी फाइलचा क्रमांक चित्राखाली लिहावा, तो शिरस्ता आहे आणि तो पाळलाच पाहिजे. अडचण भाषेची: संकेतस्थळ पूर्ण इंग्रजीत आहे. म्हणून खाली बटणांची नावं जशी दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

विषाबद्दल लागेल तेवढंच

जठरातला हा जिवाणू पर्थच्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये वाढवून दाखवला आणि त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. जिवाणू वाढवलेल्या द्रवातून जिवाणू गाळून काढले तरी उरलेला द्रव पेशींत रिक्तिका तयार करतो, हे १९८८ मध्ये समोर आलं. तो गुण ज्या प्रथिनाचा, ते १९९२ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं झालं. तेच व्हॅक-ए.

जिवाणू ते अखंड बनवतो तेव्हा त्याचं वजन सुमारे १४० किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) असतं. पुढच्या टोकाला ३३ अमिनो आम्लांचा संकेत-तुकडा असतो, तो आतल्या पटलातून बाहेर पडताना कापला जातो. मागच्या टोकाचा भाग बाहेरच्या पटलात पिंपासारखी नळी बनवतो आणि त्याच्या मदतीने उरलेलं प्रथिन बाहेर सुटतं. बाहेर आलेल्या विषाचं वजन ८८ किलोडाल्टन, म्हणून त्याला पी-८८ म्हणतात. त्याचे दोन भाग: पुढचा पी-३३ आणि मागचा पी-५५. यांच्यामधला लवचिक दुवा तुटला तरी दोन्ही भाग एकमेकांना धरून राहतात. पी-५५ चं मुख्य काम पेशीला चिकटणं. पी-३३ च्या टोकाशी पाण्याचा तिटकारा असलेला, साधारण ३२ अमिनो आम्लांचा पट्टा आहे, आणि पटलात शिरायला तोच लागतो.

फाइल शोधताना

शोधपट्टीत नुसतं ‘व्हॅक-ए’ टाकू नका, नको ते बरंच वर येतं. ‘व्हॅक्युओलेटिंग सायटोटॉक्सिन’ असं पूर्ण नाव इंग्रजीत लिहा आणि डावीकडच्या गाळणीत जिवाणू म्हणून हेलिकोबॅक्टर पायलोरी निवडा. मग यादी आटोपशीर होते. तिच्यात दोन प्रकारच्या फायली दिसतील: क्ष-किरण स्फटिकशास्त्राने काढलेली, आणि क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे गोठवलेल्या नमुन्यावरून काढलेल्या. दोन्ही लागतात.

स्फटिकाची फाइल थेट क्रमांकानेही उघडते. क्रमांक आहे दोन-क्यू-व्ही-तीन; इंग्रजी कळफलकावर चारही अक्षरं सलग, मधे मोकळी जागा नाही. ही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पी-५५ ची रचना, २.४ अँग्स्ट्रॉम विभेदनाची. विभेदन म्हणजे किती बारीक तपशील दिसतो ते, आकडा जितका लहान तितकं चांगलं; अँग्स्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. एवढ्या विभेदनात अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखा स्पष्ट ओळखू येतात. पान उघडल्यावर चित्राखाली ‘एक्सप्लोर इन थ्री-डी’ च्या ओळीत ‘स्ट्रक्चर’वर बोट ठेवलं की दर्शक सुरू होतो. एका बोटाने फिरवा, दोन बोटांनी जवळ-लांब करा. संगणकावर असाल तर माउसचं डावं बटण दाबून फिरवायचं, उजवं दाबून सरकवायचं.

त्याच पानावर गुणवत्तेची लाल-निळ्या पट्ट्यांची छोटी आकृती असते. खूण निळीकडे असेल तर रचना चांगली जमली आहे, लालकडे असेल तर जपून. पुष्कळ जण ती न बघताच पुढे जातात. मुलांना आधी ती वाचायला लावावी. चित्र कितपत विश्वासार्ह आहे हे तपासायची सवय या एका आकृतीने लागते.

पी-५५ जवळून

समोर जे लांबट प्रथिन दिसतं ते म्हणजे उजव्या वळणाचं समांतर बीटा-हेलिक्स. पाठीचा कणा एकावर एक वेटोळी घेत चढतो, मचव्यावर सुंभ गुंडाळून ठेवतात तसा, आणि प्रत्येक वेटोळ्यातले सपाट पट्टे वरच्या-खालच्या वेटोळ्यांतल्या पट्ट्यांना हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतात. शेवटाकडे रचनेचा ढंग बदलतो: तिथे बीटा पट्ट्यांसोबत अल्फा वळणंही दिसतात.

वर्गात करून घेण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे दोन शेजारच्या वेटोळ्यांमधलं अंतर मोजणं. इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून क्रम सविस्तर देतो. हेलिक्सच्या मधल्या भागातल्या एखाद्या पट्ट्यावर टिचकी द्या. दर्शक त्या अमिनो आम्लाजवळ जातो आणि पाच अँग्स्ट्रॉमच्या आतले शेजारी गोळे-काड्यांच्या रूपात दाखवतो. बंध तुटक रेषांनी दिसतात. आता उजव्या कडेच्या बाणाच्या चिन्हाने निवड-स्थिती चालू करा. वर एक पट्टी येते. तिच्यात निवडीची पातळी ‘रेसिड्यू’ असते, ती बदलून ‘अ‍ॅटम’ करा. ही पायरी गाळली तर यंत्र पूर्ण अमिनो आम्लाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतं, उत्तर भलतंच येतं आणि गणित जुळत नाही म्हणून मुलं वैतागतात. नंतर एका वेटोळ्यातला अल्फा कार्बन (अमिनो आम्लाचा कण्यातला मधला कार्बन) आणि त्याच्या नेमका वरचा अल्फा कार्बन निवडा, ‘मेझरमेंट्स’ मध्ये ‘अ‍ॅड’ आणि मग ‘डिस्टन्स’.

उत्तर ४.८ अँग्स्ट्रॉमच्या आसपास येतं. शेजारच्या वेटोळ्यावर पुन्हा मोजा, तिथेही जवळपास तेवढंच. मग नायट्रोजन ते ऑक्सिजन मोजा. हायड्रोजन बंधाला साजेसं, तीनच्या किंचित खालचं अंतर मिळतं. पुस्तकात वाचलेला बीटा पट्टा इथे मोजपट्टीखाली येतो. जठरातल्या विषासारखा रेणू उघड्यावर इतका टिकाऊ कसा, याचं निम्मं उत्तर या नेमाने रचलेल्या बंधांत आहे.

पण टोचणारं टोक कुठे आहे?

वरच्या बाजूची ‘सीक्वेन्स’ पट्टी उघडून बघा. स्फटिकात नीट न दिसलेली अमिनो आम्लं तिथे फिकट रंगात असतात. पी-५५ च्या सुरुवातीचा भाग त्यांतच मोडतो. आणि पी-३३ तर पट्टीतही नाही, कारण स्फटिक नुसत्या पी-५५ चा बनवलेला होता. म्हणजे ही फाइल पेशीला चिकटणारा भाग दाखवते, भोक पाडणारा नव्हे.

त्यासाठी २०१९ मध्ये आलेल्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फायली उघडाव्या लागतात. इथे संपूर्ण पी-८८ आहे, आणि एकटं नाही. पाण्यात हे विष वलय करून राहतं: सहा किंवा सात रेणूंचं एकेरी वलय, नाहीतर बारा किंवा चौदा रेणूंचं दुहेरी. पूर्ण वलयाचा व्यास ३० नॅनोमीटरच्या घरात. सहाची फाइल उघडा, ‘सेट कलरिंग’ मधून साखळीनिहाय रंग द्या. मग मधला गाभा आणि बाहेर पसरलेल्या सहा भुजा लगेच वेगळ्या दिसतात. भुजा म्हणजे मघाचं पी-५५ चं हेलिक्स. आता दोन रंग जिथे भेटतात तिथे टिचकी द्या: एका रेणूचा पी-३३ शेजारच्या रेणूच्या पी-५५ ला भिडलेला आढळेल. वलय उभं राहतं ते याच हातमिळवणीवर. प्रयोगांत पी-३३ मधली ४९ ते ५७ ही अमिनो आम्लं किंवा पी-५५ मधली ३४६-३४७ ही जोडी काढून टाकली तर वलय बनत नाही. ते का, हे इथे नजरेने पटतं.

या फायलींचं विभेदन तीन ते चार अँग्स्ट्रॉमच्या दरम्यान आहे. कणा विश्वासाने पाहा. बाजूच्या शाखांची अंतरं मोजून निष्कर्ष काढत बसू नका. आणि मधोमध नजर टाका. तिथे जागा मोकळी दिसते. ती मोकळी नाही. पाण्याचा तिटकारा असलेली पुढची टोकं तिथेच एकत्र आली आहेत, पण ती एका जागी स्थिर नसल्यामुळे त्यांची घनता पुसट येते आणि मॉडेलमध्ये त्यांना जागा मिळालेली नाही. १४, १८, २२ आणि २६ या जागांवर ग्लायसिन, मधे तीन-तीन इतर अमिनो आम्लं, हा ठरावीक नमुना याच टोकावर आहे. त्यातलं १४ किंवा १८ चं ग्लायसिन बदलून अ‍ॅलानिन केलं की विष पटलात मार्ग बनवू शकत नाही आणि रिक्तिकाही होत नाहीत. विषाचा सगळ्यात घातक भाग, आणि नेमका तोच चित्रात नाही! विद्यार्थ्यांना हे ठासून सांगायला हवं.

दुसरी तितकीच महत्त्वाची बाब. ही वलयं पाण्यातली आहेत, पटलात रुतलेली नव्हेत. शुद्ध केलेलं व्हॅक-ए उदासीन सामूच्या द्रावणात ठेवून पेशींवर घातलं तर परिणाम नगण्य असतो. आधी त्याला आम्लाचा झटका द्यावा लागतो. वलय सुटतं, सुटे रेणू पटलाला चिकटतात आणि तिथे नव्याने जमून ऋण आयनांना वाट देणारा मार्ग बनवतात. हा मार्ग पेशीच्या आत एंडोसोमच्या (बाहेरून आत घेतलेला माल ठेवणाऱ्या पिशवीच्या) पटलात गेला की क्लोराइड आत येतो, त्याला साथ म्हणून प्रोटॉन पंप जोरात चालतो, आतला सामू उतरतो. अमोनियासारखा सौम्य अल्कधर्मी पदार्थ आत शिरून तिथेच अडकतो, मागोमाग पाणी शिरतं आणि पुरी फुगावी तशी नव्हे, तर हळूहळू तासांच्या हिशेबाने रिक्तिका मोठी होते. अमोनिया पुरवणारं युरिएज हे विकर त्याच जिवाणूकडे भरपूर असतं. हे सगळं दर्शकात दिसणार नाही. फळ्यावर काढूनच सांगावं लागेल.

क्रमांकांचा घोळ

प्रात्यक्षिकाच्या वह्यांमध्ये हमखास होणारी चूक ही. संशोधन लेखांत अमिनो आम्लांचे क्रमांक संकेत-तुकडा वगळून दिलेले असतात. प्रथिनांच्या क्रमवारीच्या इतर संचांत तेच क्रमांक अगदी पहिल्या अमिनो आम्लापासून धरलेले असतात. फरक ३३ चा. लेखातलं ३४६ तिथे ३७९ होतं. दर्शकात अमिनो आम्लावर बोट टेकवल्यावर खालच्या कोपऱ्यात कधी दोन क्रमांक दिसतात, एक फाइलचा आणि एक लेखकांचा; वहीत लेखकांचा लिहायचा आणि तसं नमूद करायचं. शिवाय जिवाणूच्या वाणानुसार लांबीही थोडी बदलते, त्यामुळे वाणाचं नाव लिहिल्याशिवाय क्रमांकाला अर्थ नाही.

शोधपट्टीजवळ संगणकाने भाकीत केलेल्या रचनाही यादीत घेण्याचं बटण आहे. ते चालू केलं तर अल्फाफोल्डची अखंड प्रथिनाची रचना मिळू शकते. बघायला हरकत नाही, पण रंग समजून: गडद निळा म्हणजे भरवसा जास्त, नारिंगी म्हणजे फार कमी. ती एकट्या रेणूची असते. वलय नाही, पटल नाही. पहिल्या तासाला हे बटण बंदच ठेवलेलं बरं.

मोबाइल, रेंज आणि पावसाळा

पी-५५ ची फाइल काही शे किलोबाइटचीच. सहाच्या वलयाची दोन-तीन एमबीपर्यंत जाते. गुहागर, राजापूरच्या खोऱ्यांत जिथे रेंज एका कोपऱ्यात येते आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाते, तिथेही एवढं उतरतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा घनता-नकाशा मात्र चुकूनही डाउनलोड करू नका, तो अनेक पटींनी मोठा असतो आणि पदवीच्या वर्गाला लागत नाही.

कमी मेमरीच्या फोनवर वलयाला ‘मॉलिक्युलर सरफेस’ रूप दिलं की ब्राउझर गोठतो. ‘कार्टून’ रूपच ठेवा. पान कोरं येत असेल तर बहुधा ब्राउझरमध्ये वेब-जीएल (त्रिमिती चित्रं दाखवणारी सोय) बंद असतं. ब्राउझर अद्ययावत केला की प्रश्न सुटतो.

खरी कसोटी जून-जुलैत. वर्ग तेव्हाच सुरू होतात आणि वीजही तेव्हाच जाते. म्हणून फायली आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवाव्यात आणि प्रयोगशाळेच्या लॅपटॉपवर कायमेरा-एक्स हे सॉफ्टवेअर बसवून ठेवावं. शिक्षणासाठी ते मोफत आहे आणि एकदा बसवलं की नेट लागत नाही. फक्त फाइल ‘फाइल, ओपन’ करून पेन ड्राइव्हवरूनच उघडायची. क्रमांक टाइप करून उघडायला गेलात तर ते नेटकडे धाव घेतं आणि अडकतं. फोनवर बोटाने शिकायला मॉल-स्टार सोपा, भर पावसात तास निभवायला कायमेरा-एक्स भरवशाचं.

दवाखान्याच्या रिपोर्टशी सांगड

ही मुलं पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातात, तेव्हा हे विचारलं जाणारच. दुर्बिणीतून (एंडोस्कोपीने) घेतलेल्या जठराच्या तुकड्यावर पिवळ्याचा गुलाबी रंग होतो ती चाचणी युरिएजची आहे. शौचाच्या नमुन्याची चाचणी जिवाणूचे प्रतिजन शोधते. दोन्ही जिवाणू आहे की नाही एवढं सांगतात; विष कोणत्या प्रकारचं, हे नाही. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद नसतील तर दोन्ही चाचण्या खोटं ‘नाही’ देऊ शकतात, हेही वहीत लिहून ठेवावं. अर्थात गोळ्या बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

विषाचा प्रकार जनुकावरून ठरतो आणि ते काम संशोधन प्रयोगशाळांचं. संकेत-भागाचे एस-१ आणि एस-२, मधल्या भागाचे एम-१ आणि एम-२. एस-२ मध्ये पुढच्या टोकाला १२ अमिनो आम्लांची जास्तीची, पाण्याशी सख्य असलेली शेपटी राहते आणि विष जवळजवळ निकामी होतं. वलयाच्या मध्यातली ती ‘मोकळी’ जागा मनात असेल तर कारण सांगावं लागत नाही. एम-१ आणि एम-२ मधला फरक पी-५५ मध्ये पडतो, म्हणजे दोन-क्यू-व्ही-तीन मध्ये तो भाग रंगवून दाखवता येतो. ‘सीक्वेन्स’ पट्टीवर तेवढा तुकडा निवडा, ‘कॉम्पोनंट्स’ मध्ये त्याचा वेगळा घटक करा, वेगळा रंग द्या.

घरोघरी अल्सरचा ठपका तिरफळाच्या आमटीवर नाहीतर आगळावर येतो. हे विष कोणत्याही जेवणातून तयार होत नाही, जिवाणू ते स्वतः बनवतो, आणि जठराचं स्वतःचं आम्लही तीव्रच असतं. वलयाचं चित्र दाखवताना हे वाक्य जोडलं तर मुलं ते घरी सांगतात.

पोस्टर छापायचं असेल तर कॅमेऱ्याच्या झडपेसारख्या चिन्हावरून चित्र घ्या, विभेदन सगळ्यात मोठं निवडा, पार्श्वभूमी पारदर्शक करा. फोनचा साधा स्क्रीनशॉट छपाईत फुटतो. पी-५५ आणि वलय ही दोन चित्रं शेजारी-शेजारी लावा, वलयाच्या मध्यावर पेनाने गोल करा आणि त्याच्या बाजूला लिहा: ‘पटलात शिरणारं टोक इथे, मॉडेलमध्ये दिसत नाही.’